व्हर्लिन कोचचा शब्द
व्हर्लिन डायक्स्ट्रा आयोवातल्या एका लहानशा कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल संघाचे कोच होते. मोठी विद्यापीठं चांगल्या खेळाडूंची सगळी फी भरत. व्हर्लिनकडे द्यायला फक्त स्वतःचा वेळ होता. म्हणून ते गावोगावच्या शाळांत सामने बघत बसायचे, मुलींना हाताने पत्रं लिहायचे, त्यांच्या आज्यांचीही नावं लक्षात ठेवायचे.

कॅरिन व्हॅन झी या शाळकरी मुलीसाठी ते एका हिवाळ्यात अकरा सामन्यांना गेले. बाराव्याला रॉस मॅक्लूर शेजारी येऊन टेकला. तो एका मोठ्या विद्यापीठाचा कोच.

"काय व्हर्लिन, अजून तीच खटारा गाडी चालवतोस?"

"ढकलावी लागत नाही, तोवर चालवायची."

"बरं, खरं सांग. इथल्या पोरी तुझ्याइतक्या कुणी पाहिल्या नाहीत. ही नऊ नंबरची कशी आहे?"

एका कोचने विचारलं की दुसऱ्याने खरं सांगायचं, अशी त्यांच्यात रीत होती. व्हर्लिननी पॉपकॉर्नच्या पुडीत बघत म्हटलं, "गुणी आहे. पण डावा हात कच्चा. आणि गुडघा... तू बघ बाबा."

कॅरिनचा गुडघा धडधाकट होता, डावा हातही पक्का. रॉस मध्यंतरातच उठून गेला.

शाळा संपल्यावर कॅरिन व्हर्लिनच्या संघात आली. चार वर्षं ते तिच्याकडून डाव्या हाताचा जादा सराव करून घेत राहिले. रॉसला सांगितलेला कच्चेपणा थोडा तरी खरा वाटावा म्हणून. ती मात्र डाव्या हाताने सहज बॉल टाकायची, आणि यांची मान खाली जायची.

चौथ्या वर्षी, कॉलेजच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याआधी खेळाडूंच्या आईवडिलांचा सत्कार झाला. कॅरिनची आई जोन त्यांचा हात धरून म्हणाली, "कोच, दुसरं कुणी फिरकलंसुद्धा नाही हो. तुम्हीच पोरीला ओळखलंत."



रविवारी चर्च सुटल्यावर ते व्हॅन झींच्या घरी गेले आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच मायलेकींना सगळं सांगून टाकलं.

कॅरिन म्हणाली, "त्यांनी मला घेतलं असतं?"

"माहीत नाही, पोरी."

"मलाही आता कधी कळणार नाही, कोच."

त्या गावात दारात आलेल्या फेरीवाल्यालाही कॉफी विचारतात. जोन कॉफी न विचारताच ओट्याकडे वळली आणि धुतलेल्या बश्या पुन्हा पुसू लागली. व्हर्लिन थोडा वेळ थांबले, मग टोपी घेऊन निघाले.