दुसरी सही

आमच्या पक्षी बघणाऱ्या मंडळींत पोस्टमनभाऊंइतका सरळ माणूस नाही, आणि त्यांना खोटं पाडलं ते मी. हे मीच सांगितलेलं बरं. दुसऱ्या कुणी सांगितलं तर मला राग येईल, आणि रागवायचा हक्क मी घालवून बसलोय.

भाऊंनी चौतीस वर्षं टपाल वाटलं. एका घरचं पत्र दुसऱ्या दारात एकदाही पडलं नाही, असं वहिनी सांगतात, आणि वहिनी नवऱ्याचं कौतुक सहसा करत नाहीत. निवृत्तीनंतर पायांना स्वस्थ बसवेना, म्हणून भाऊ दुर्बीण घेऊन आमच्याबरोबर निघायला लागले. एक रविवार समुद्रकिनारा, एक रविवार पाणीपुरवठ्याचा तलाव.

आमचा एक नियम आहे. नवा पक्षी यादीत चढवायचा तर तो दोघांनी पाहिलेला हवा आणि वहीत दोघांच्या सह्या हव्यात. पहिली कुणाचीही असो, दुसरी बहुतेक भाऊंची. खात्री नसेल तर ते सरळ म्हणायचे, "मला नाही बुवा दिसला." माझ्यासारख्या तापट माणसालाही मग पुढे बोलता यायचं नाही.

गेल्या वर्षी मी दुकान बंद केलं. घड्याळं दुरुस्त करायचो. मोबाइल आल्यापासून घड्याळ हवं कुणाला? शटर ओढलं आणि घरात बसून सगळ्यांवर खेकसायला लागलो. अशात एका सकाळी तलावाच्या भिंतीवरून मला एक कुरव दिसला. समुद्रावर हे राखाडी पाठीचे सीगल पैशाला पासरी, पण याची पाठ काळीकुट्ट. असा इथे कुणी पाहिलाच नव्हता! मी सगळ्यांना फोन केले. मंडळींनी पाठ थोपटली. त्या दिवशी किती महिन्यांनी मी बायकोशी हसून बोललो.

तीन दिवसांनी भाऊ आले. गुडघा दुखत होता, तरी एकेक पायरी चढत भिंतीवर पोचले. कुरव जवळच दगडावर बसला होता. भाऊंनी दुर्बीण लावली, मीही लावली. तेवढ्यात पक्ष्यानं मान वळवून चोचीनं पाठीवरची पिसं उचकटली. आतून ती फिकट राखाडी निघाली. वरचं काळं म्हणजे चिकटलेलं डांबर. किनाऱ्यावर कुठेतरी माखून आलेला आपला नेहमीचाच कुरव.

भाऊंनी दुर्बीण खाली घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. "चुकलं माझं, डांबर आहे," एवढंच. मी दुर्बिणीची काच पुसत बसलो. भाऊंनी वही मागितली आणि सही केली.

पाच महिने मी ते पोटात ठेवलं. शेवटी बैठकीत उठून, ते काळं म्हणजे डांबर होतं, एवढं सांगून टाकलं. यादी सांभाळतो तो औषधवाला. त्या ओळीवर रेघ मारता मारता तो म्हणाला, "तुमची नजर चुकली, समजू शकतो. पण भाऊ, तुमची कशी चुकली?"

इथे तरी मी तोंड उघडायला हवं होतं. बोलले ते भाऊच.

"नजर नाही चुकली. डांबर दिसलं होतं मला. याचं उतरलेलं तोंड बघवेना, म्हणून केली सही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येताना मी म्हणालो, "भाऊ, निदान शिव्या तरी द्या मला."

"तुला शिव्या देऊन माझी सही पुसली जाणार आहे का? चल पटपट, बस चुकेल."

पुढच्या रविवारी किनाऱ्यावर आमच्यातल्या नर्सबाईंनी चिखलात तुरुतुरु धावणारा एक छोटा पक्षी हेरला. आमच्या यादीत नसलेला वाटत होता. "दुसरं कोण बघतंय?" त्या ओरडल्या आणि सवयीनं सगळे भाऊंकडे वळले. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. भाऊंची दुर्बीण डोळ्यांपर्यंत गेली होती. ती त्यांनी खाली केली.

"मी नको," ते म्हणाले. "माझी सही आता चालायची नाही."

आणि पक्ष्याकडे पाठ करून ते खडकावर बुटातली वाळू झटकत बसले.