अक्काच्या वावरात गेलेलं खत

टारफुल्याचं मला अजून नीट उमगलेलं नाही, आणि उमगलं म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वासही नाही. बारीकसं तण, पांढरी फुलं, दिसायला गरीब. पण ज्वारीच्या मुळाला चिकटलं की धाट वाळलंच. धुळ्याकडच्या आमच्या वावरात ते दरसाल वाढत होतं. माझे सासरे, आबा, म्हणायचे, जमीन हलकी पडली, खत वाढवा. वाढवलं. तण दुप्पट! आता बोला!

निंदणीत उपटलेलं तण आम्ही बाया भारा बांधून घरी आणायचो आणि म्हशीपुढे टाकायचो. हिरवंगार ते, फेकायचं कशाला? शेण उकिरड्यावर, उकिरडा वावरात. सगळ्या गावाची हीच रीत.

एका वर्षी माझ्या नणंदेला, अक्काला, सासरच्यांनी वेगळं काढलं. वाट्याच्या तुकड्यात कायम कपाशी असायची, टारफुल्याचं नावही नव्हतं. तिने तिथे पहिल्यांदाच ज्वारी पेरली. पिकली तर घरची भाकर, नाही तर रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो. मेलीची भाकर थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. लेकीचं बरं व्हावं म्हणून आबांनी आमच्या उकिरड्याचं खत गाड्या भरून तिच्याकडे धाडलं.

पोळा झाल्यावर आबा आणि मी बघायला गेलो. ज्वारी पिवळी पडलेली आणि बुडाशी पांढरी फुलं. आबांनी वाकून एक फूल उपटलं.

“कपाशीना वावरमा हाई कोठून उनं?”

मी बांधापलीकडे डोकावले. शेजारीही ज्वारीच, पण तिथे एक फूल नाही. इथे नवं आलेलं म्हणजे फक्त आमचं खत. मग म्हैस आठवली, तिच्यापुढे टाकलेले भारे आठवले. बी शेणातूनही जगतं की काय? मी भीतभीत बोलले. आबांनी बुडाची खताची माती मुठीत घेतली आणि फेकून दिली.

तेवढ्यात अक्का पाणी घेऊन आली. “आबा, अजून दोन गाड्या खत धाडा, मंग हाई बठ्ठं तण जाई.”

“नको!” आबा ओरडलेच. “आते एक पाटीबी नही!”

अक्काचा चेहरा खाडकन उतरला. “लगीन करी दिधं, म्हणून परकी शे का मी आते?” आणि ती रडायला लागली.

आबा टोपी काढून तोंड पुसत राहिले. शेवटी मीच म्हटलं, “अहो अक्का, तुमच्या भल्यासाठीच नको म्हणताहेत ते.” जिच्या घरी ते खत राहणार, त्या सुनेच्याच तोंडून हे ऐकून ती आणखीच रडली.