विनिपेगची गाडी आणि माझं एक बोट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर मी चहाचा कप उचलून निघून जाईन. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी सल्ला द्यायला नको: माझी इलेक्ट्रिक गाडी मी विकलेली नाही, विकणार नाही आणि जे काही झालं त्यात गाडीचा काडीचाही दोष नव्हता.

एवढं ठणकावून सांगितल्यावर तुम्हाला वाटेल, पोरगी भलतीच धीट आहे. कसली धीट! दाराची बेल वाजली तरी माझ्या हातातलं भांडं खाली पडतं. बाहरेनच्या लायसन्सच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. दुसऱ्यांदा तर परीक्षक नुसते शिंकले आणि मी रस्त्याच्या मधोमध करकचून ब्रेक मारला. तिसऱ्या वेळी पास झाले, ती बहुतेक त्यांनाच माझ्या शेजारी पुन्हा बसायचं नव्हतं म्हणून.

अशा माझ्यासारखीने, वसईहून येऊन बाहरेनमधल्या रिफाच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या स्टेफीने, कुणालाही न विचारता गाडी घेतली. तीही इलेक्ट्रिक! आयुष्यात स्वतःच्या मनाने केलेली पहिली गोष्ट. तोवर जुफैरच्या घरून रिफाला हॉस्पिटलच्या व्हॅनमधून जायचे. मागच्या सीटवर, खिडकीला नाक लावून, कुणी बसवेल तिथे.

वसईहून डॅडींचा फोन आला. डॅडी रिटायर्ड हेडमास्तर. घरातला निकाल अजून तेच लावतात.

"ही बॅटरीची खेळणी टिकत नसतात. विलीने घेतली म्हणून तूही घेतलीस ना?"

हे मात्र खोटं! विली म्हणजे माझा मोठा भाऊ, कॅनडात विनिपेगला असतो. त्याने माझ्यानंतर घेतली. मीच त्याला महिनाभर फोनवरून पटवत होते. त्याने तेच मॉडेल घेतलं, रंगही तोच. पांढरा.

"बरं," डॅडी म्हणाले, "दोन्ही गाड्या एकाच जातीच्या आहेत. एक जरी कुरकुरली तरी दोन्ही विकायच्या. आणि तू परत व्हॅनने जायचं."

मी "हो डॅडी" म्हणाले. डॅडींना "नाही" म्हणायला मला अजून कुठे येतं? पण त्या दिवसापासून माझी गाडी विनिपेगच्या गाडीला बांधली गेली. तिला तिथे सर्दी झाली असती, तर माझी इथे गेली असती.

आता त्या अ‍ॅपचं सांगते, कारण घोळ तिथे आहे. या गाड्यांना फोनवरून हुकूम सोडता येतात. एसी लाव, हीटर लाव, काचा बोटभर खाली कर. त्यासाठी अकाउंट लागतं. मला पासवर्ड वगैरेची भीती वाटते, म्हणून विलीने आपलंच अकाउंट माझ्या फोनवर टाकून दिलं. आमच्या घरात असंच चालतं. सिनेमे बघायचं एक अकाउंट तीन देशांत मिळून वापरतो. मम्मी वसईला सिरियल बघत असेल, तर विलीला तिथे थांबावं लागतं. मग गाडीला वेगळं कशाला? एका अकाउंटवर दोन गाड्या. बोट सरकवलं की माझी, पुन्हा सरकवलं की त्याची. सोपं!

मार्चमध्ये एकदा फोनने "अपडेट करा" असं काहीतरी म्हटलं. मी दचकले, "नको" दाबलं, तर अ‍ॅपने मलाच बाहेर काढलं. कशीबशी परत आत शिरले. समोर पांढरी गाडी. माझी गाडी पांढरीच. सुटले, म्हटलं! आता यातलं काहीही हलवायचं नाही.

आणि मी हलवलं नाही. रोज सकाळी साडेसहाला एसी सोळावर. दुपारी एकला, पार्किंगमध्ये ऊन तापलं की काचा बोटभर खाली, गरम हवा निघून जावी म्हणून. चार वाजता ड्यूटी संपायच्या जरा आधी पुन्हा एसी, पंखा फुल्ल. घड्याळ चुकेल, पण मी चुकणार नाही.

हं, आता तुम्ही गालातल्या गालात हसताय. मी सांगितलं होतं ना?

त्या दिवसांत माझ्याबरोबर साठे काका यायचे. आमच्याच बिल्डिंगमधले, पुण्याचे, हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, महिनाभर गाडी चालवायला मनाई. पण नजर अशी आली होती, की विचारू नका! रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायचे. पुढच्या ट्रकवरच्या बाटल्यांतलं पाणी कुठल्या कारखान्यातलं आहे, तेसुद्धा.

पहिल्याच दिवशी चार वाजता दार उघडलं आणि काका एक पाऊल मागे सरले.

"अगं, हा तंदूर आहे!"

"काका, दहा मिनिटांपासून एसी चालू आहे."

"कुठे?"

"आत!"

"मग आपणच बाहेर थांबू. त्याला एकट्याला गार होऊ दे."

मला राग आला. व्हॅनमधून सुटून ज्या गाडीत बसले, तिला नावं ठेवतात? मी तावातावाने म्हणाले, "तुम्हाला पेट्रोलच्या गाडीची सवय आहे काका. ही गारवा हळूहळू देते." आणि बसले. पाठ सीटला चिकटली, डोळ्यांत घाम गेला, पण मी म्हणत राहिले, "बघा, किती सुखद वाटतंय!" खरं सांगू? थोडं वाटलंही. श्रद्धा असली की माणसाला काहीही वाटतं.

इकडे हे, आणि तिकडे विनिपेगहून विलीचे फोन.

"स्टेफी, गाडीला काहीतरी झालंय. रात्री चार्जिंग फुल्ल करून झोपतो, सकाळी कमी."

"थंडीत बॅटरी उतरते थोडी. मी वाचलंय."

चार दिवसांनी पुन्हा. "सकाळी पावणेआठला ऑफिसला निघतो. हीटर छान चालू असतो. मधेच एकदम गार वारा सुटतो! बाहेर बर्फ आणि आतही हिमालय!"

"तू भलतं बटण दाबत असशील."

"मी स्टिअरिंग धरू का बटणं दाबू?"

"हे बघ विली, गाडीत काही दोष नाही. दोष चालवणाऱ्यात असतो. दोन मोजे घाल आणि नाटकं बंद कर."

होय, असंच म्हणाले. मोठ्या भावाला! ज्या मुलीला लिफ्टमध्ये एकटं जायला भीती वाटते, ती सात समुद्रांपलीकडे हुकूम सोडत होती. पण डॅडींचा निकाल माझ्या डोक्यावर टांगलेला होता ना! त्याची गाडी वाचली तर माझी वाचणार.

मग आला फोटो. ड्रायव्हरच्या सीटवर बर्फ. भुरभुरलेला नव्हे, चांगली उशीसारखी थप्पी.

"काचा आपोआप उघडतात गं, पहाटे पाचला! तुझी सुनीता वहिनी म्हणते, मी झोपेत उठून उघडतो."

"वहिनीचं ऐक," मी म्हणाले.

त्यात त्याच्या बाळाचा बाप्तिस्मा ठरला, ईस्टरनंतरच्या रविवारी, आणि त्यासाठी मम्मी पहिल्यांदाच विमानात बसून विनिपेगला गेली. दुसऱ्याच दिवशी ती गाडीत बसली आणि आठ वाजत आले तसा वारा सुटला. मम्मीने माकडटोपी चढवली, शाल गुंडाळली आणि निदान केलं: गाडीला बाधा झालीय. वसईच्या चर्चमधून नेलेलं पवित्र पाणी तिने डॅशबोर्डपासून काचेपर्यंत शिंपडलं. काचेवरचं पाणी तिथल्या तिथे गोठलं. विली अर्धा तास ते खरवडत बसला.

गाडी सर्व्हिसिंगला नेली. त्यांनी संगणक लावून तपासलं आणि म्हणाले, गाडी एकदम आज्ञाधारक आहे, सांगितलेलं सगळं ऐकते.

"मी काही सांगितलेलंच नाही!" विली फोनवर ओरडला. "खलास! शनिवारी एक जण बघायला येतोय. मी विकतोय."

डॅडींना कळलं. त्यांचा मेसेज आला, तीनच शब्द: "ठरल्याप्रमाणे. दोन्ही विका."

त्या दिवशी गुरुवार होता. मी लॅबमध्ये नुसती बसून राहिले. व्हॅनची मागची सीट डोळ्यांसमोर येत होती. चार वाजत आले, सवयीने एसी लावला, पंखा फुल्ल. खाली आले. काका पार्किंगमध्ये रुमालाने वारा घेत उभे. दार उघडलं. तंदूर.

"आता तरी कबूल कर बाई, की हिचा एसी मेलाय."

माझा बांध फुटला. "नाही मेला! सगळे मिळून माझ्या गाडीच्या मागे लागलाय! हे घ्या, पुरावा. वाचा! एसी चालू, सोळा!"

मी फोन त्यांच्या नाकाशी धरला. आणि तिथेच चुकले. दुसऱ्या कुणी नुसतं सोळा वाचलं असतं. पण काकांची नजर नवी होती. त्यांनी कोपऱ्यातलं बारीक राखाडी अक्षरसुद्धा सोडलं नाही.

"बाहेरचं तापमान," काका सावकाश वाचू लागले, "उणे अकरा."

मी वर बघितलं. रिफाचं आभाळ पांढरं पडलं होतं. समोरच्या खजुराच्या झाडाखाली एक मांजर जीभ काढून पडलं होतं.

"गाडीचं ठिकाण," काका वाचतच होते, "विनिपेग. हे हमादटाउनच्या अलीकडे येतं का गं?"

मी फोन झटकन मागे ओढला. एवढ्यात हातातला फोन वाजला. मी अर्थातच दचकले, फोन काकांच्या हातात गेला, काकांनी स्पीकर लावला.

"स्टेफी! आत्तासुद्धा परत सुटलाय बघ वारा!" विली गाडीतून बोलत होता. मागून मम्मीचा आवाज: "विली, माझं नाक गेलं! नाक गेलं रे!"

आता तुम्हीच सांगा. गप्प राहून हळूच एसी बंद करता आला असता. कुणाला कळलं नसतं. पण शनिवारी गाडी गेली असती, तिची काही चूक नसताना. आणि मागोमाग माझीही. मी डोळे मिटले.

"विली, ती मी आहे."

"काय तू आहेस?"

"वारा. वारा मी आहे."

सगळं सांगितलं. बर्फाच्या उशीसकट. पलीकडच्या पंख्याची घरघर मला रिफात ऐकू आली. मग मम्मीचा आवाज आला, अगदी हळू.

"म्हणजे बाय, तू बाहरेनहून फुंकतेस?"

विली काय काय बोलला ते सांगत नाही. त्यातला मोज्यांचा भाग फार लागला. पण गाडी बघायला येणाऱ्याला त्याने नको सांगितलं. डॅडींचा नवा निकाल आला: "गाड्या ठेवा. मुलीकडून अ‍ॅप काढून घ्या." विली म्हणाला, बाप्तिस्म्याचे पाहुणे गेले की अकाउंट वेगळं करतो, तोवर त्याला बोटसुद्धा लावायचं नाही.

मी हो म्हणाले. पण मन खात होतं हो! रविवार उजाडला. इथे रविवारी कामाचाच दिवस, सुट्टी शुक्रवारी, म्हणून आम्ही चर्चला मिस्साला शुक्रवारीच जाऊन आलेलो. तिथे सकाळी आठला सगळे चर्चला निघणार. म्हणजे इथले चार. माझ्या मम्मीचं नाक, ते इवलंसं बाळ, आणि महिनाभर मी त्या गाडीत ओतलेली थंडी! मी म्हटलं, कुणी काहीही म्हणो, आज भरपाई मीच करणार. पावणेचारला अ‍ॅप उघडलं. पांढरी गाडी. हीटर फुल्ल. चारही सीट गरम. स्टिअरिंगसुद्धा गरम. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. मनात म्हटलं, बाळा, आत्याकडून.

आणि काकांबरोबर खाली आले.

काकांनी दार उघडलं. आतून जो झोत आला, त्याने त्यांची टोपी मागे उडाली. ते दोन पावलं मागे सरले. मी स्टिअरिंगला हात लावला आणि किंचाळले.

गुरुवारी काकांनी पुरावा तपासताना बोट सरकवलं होतं, माझी गाडी दिसते का बघायला. ती दिसली होती. आणि तेव्हापासून तीच समोर होती.

नेमका तेव्हाच मम्मीचा व्हिडिओ कॉल. विलीच्या गाडीत सगळे दाटीवाटीने बसलेले, मांडीवर पांढऱ्या झग्यातलं बाळ.

"बाय, किती उबदार आहे बघ! विलीने स्वतः लावलाय हीटर. आता काही बाधा नाही." मग ती फोनच्या जवळ आली. "तू अशी लालबुंद का? आणि एवढा घाम? गाडीला काही झालं का?"

मागून विलीने मान पुढे काढली. वसईहून डॅडीही कॉलवर आले होते. साठे काका बाहेर उभे राहून माझ्याकडे बघत होते.

मी आत शिरले. त्या तापलेल्या सीटवर ताठ बसले. दार लावून घेतलं.

"नाही मम्मी," मी म्हणाले, "गाडीत काही दोष नाही."