झोपताना दोन

“गिळता येते का? अन् पोट साफ होते का?”

कुडव्याच्या मेडिकलवाल्या ताई हे दोन प्रश्न भर दुकानात, खणखणीत आवाजात विचारत. आपल्यासारखी शहाणी माणसं अशा वेळी खोकल्याच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचू लागतात. पण मॉर्फिनची गोळी दुखणं थांबवते, पोट मात्र बांधते; ती न्यायला आलेल्याला या उत्तरांशिवाय सुटका नसे. ही गोळी ठेवणारं दुसरं दुकान आसपास नव्हतं. परवाना, तपासणी, कुलपाचं कपाट, एवढी कटकट कोण करतो?

एकदा एका मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला. अध्यक्षांचं भाषण मृत्यूच्या तत्त्वज्ञानात शिरलं तशा ताई उठल्या. “तुमचं चालू द्या भाऊ. तिरोड्याची बस निघून राहिली, एकीचं औषध पाठवायचं आहे.” शाल अध्यक्षांच्याच हातात राहिली. मी तेव्हा नुसता हसलो होतो.

मग कामठ्याच्या माझ्या मामाला तोंडाचा कॅन्सर झाला. उपचार थांबले, दुखणं उरलं. आठवड्याच्या गोळ्या मी नेऊन दिल्या. दहाव्या दिवशी ताईंचा फोन आला, “दुसऱ्या न्यायले आले काऊन नाही?”

“आहेत अजून, पुरतात.”

“पुरूच शकत नाही.” त्यांनी भर दुपारी शटर ओढलं आणि मला स्कूटीवर मागे बसवून कामठा गाठलं.

मामीनं धानाच्या कोठीतून पाकीट काढलं. दोनच गोळ्या कमी होत्या. “शेवटची गोळी होये मनतात. मोठा दुखना आला का देईन मनून ठेवली.” आमच्याकडे चांगली वस्तू जपून वापरतात. मामी तीच काटकसर करत होती, आणि मामा भिंतीकडे तोंड करून कण्हत होता.

ताई खाटेजवळ जमिनीवर बसल्या. “मामाजी, कधी दुखते?”

“कवा नाही दुखत, ते पूस ना बाई.”

ताई मोठ्यानं हसल्या. मामीही हसली, मग तोंडाला पदर लावून रडली.

“गोळीनं मानूस जात नाही माय,” ताई म्हणाल्या. “जायचंच आहे, तं असं तळमळत कायले?”

मामीला घड्याळ कळत नव्हतं. डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळा ताईंनी तिच्या दिवसात बसवून दिल्या: दूध काढताना एक, शाळेची घंटा झाली की एक, मधल्या सुट्टीला एक, गुरं परतली की एक, झोपताना दोन. त्या दुपारची गोळी त्यांनी मामीच्याच हातानं द्यायला लावली आणि बसून राहिल्या. तासाभरानं मामाच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या. त्या आठ्या मी त्याचा चेहराच समजून बसलो होतो.

मामा पुढे सतरा दिवस होता. बरेचसे त्यानं पेजेतल्या मिठावरून मामीशी भांडण्यात घालवले. मागच्या पोळ्यानंतर ताईही गेल्या. आता त्या गोळीसाठी नागपूर गाठावं लागतं.

त्या दुपारी ताई निघायला उठल्या, तेव्हा मामानं मान वळवली. “जेवून जाय वो पोरी,” तो म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याला दुखण्यापलीकडचं काही सुचलं होतं.

ताई पुन्हा खाली बसल्या. मामीनं ताट वाढलं. मी बाहेर आलो, आणि ताईंच्या उन्हात तापलेल्या चपला उचलून सावलीत ठेवल्या.