पंखा बंद करायला लावणारी

चित्रकारांच्या मुलाखती रेकॉर्ड करायला मी तिच्याबरोबर जातो. माइक आणि हेडफोन मी सांभाळतो, प्रश्न ती विचारते. परळ असो की गिरगाव, चाळीचे जिने चढता-उतरताना तिचं तोंड बंद नसतं. भाजीचे भाव, बहिणीची सासू, काहीही. पण घरात शिरली की आधी घरघरणारा पंखा बंद करायला लावते आणि मग साधा हुंकारही देत नाही. घाम निथळत असतो आणि ही नुसती मान हलवते. समोरचा गप्प झाला तर हीही गप्प. मला ती शांतता सोसत नाही, तिला सोसते.

काळाचौकीला एक म्हातारे चित्रकार होते. आयुष्यभर त्यांनी गणपतीच्या देखाव्यांचे पडदे रंगवले. आभाळ कसं रंगवायचात, असं तिने विचारलं आणि ते अडखळले. तेवढ्यात आतून, ओट्यापाशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोचा आवाज आला.

"निळ्यात जरासा गेरू घालायचा. नायतर आभाळ खोटं वाटतं."

रेकॉर्डिंग बिघडलं म्हणून मी बटणाकडे हात नेला. तिने तो अडवला, माइक उचलला आणि आतल्या दारात नेऊन धरला.

"काकी, आभाळ तुम्ही रंगवायचात?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. म्हातारे खाली बघत म्हणाले, "सगळी आभाळं तिचीच. सही तेवढी माझी."

त्या दिवशी जिना उतरताना ती एक शब्दही बोलली नाही.