पुन्हा येईल का?

मुलगी दीड वर्षाची असताना तापात तिला झटका आला. बाभुळगावच्या आमच्या घरात, भर दुपारी, माझ्या मांडीवर. डोळे वर गेले, अंग ताठ झालं आणि हातपाय उडायला लागले. मला वाटलं, गेली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती शुद्धीवर येऊन रडत होती.

पुढं यवतमाळला लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं. "तापामुळे आलेला झटका आहे. घाबरू नका."

"पुन्हा येईल?"

"बऱ्याच मुलांना येत नाही, काहींना येतो. एकदाच आलाय, त्यावरून हिचं कसं सांगू?"

सोबत आलेल्या सासूबाई मला धीर द्यायला म्हणाल्या, "अवं, इच्या बापालेबी लहानपणी आल्ता. एकदाच. मंग कधीच नाही."

डॉक्टरांनी मान वर केली. "वडिलांना आला होता? मग शक्यता थोडी वाढते."

सासूबाईंचा चेहरा उतरला. परतताना बसमध्ये त्या हळूच म्हणाल्या, "मी कायले बोलली?"

त्यानंतर मी उठता-बसता पोरीच्या मानेला हात लावून बघायची. ती नुसती शिंकली तरी हातातलं काम टाकून तिच्याकडे धावायची. पावसाळ्यात तिला ताप आला. औषध पाजलं आणि तिच्या डोळ्यांवरून नजर हलवली नाही. पापणी जरा जड झाली तरी तिला हाक मारून जागं करायची. ताप उतरला. झटका आला नाही.

"पाह्य, नाही आला," नवरा म्हणाला. "आता भेव सोड."

"एकदा आला, एकदा नाही आला. एवढ्यावरून काय समजाचं?"

हिवाळ्यात पुन्हा आला. अंगणात, सासूबाईंच्या कडेवर. अंग तापलंय हेसुद्धा आम्हाला कळलं नव्हतं. "कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका," डॉक्टरांनी सांगितलेलं मी मोठमोठ्यानं म्हणत होते, कुणाला ते मलाही ठाऊक नाही. सासूबाईंनी पदराची घडी तिच्या डोक्याखाली सरकवली. हातपाय हळूहळू सैल पडले. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडून पाणी मागितलं.

नवऱ्याला फोन लावला, तर माझ्या तोंडून शब्द फुटेना. सासूबाईंनी मोबाइल हातातून घेतला.

"आल्ता, थांबला. पोरगी बरी हाये. तू घरी ये, तुही बायको लय भेली," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि अंगणातच बसून रडायला लागल्या.