शंभराला पाऊण रुपया

चिकलठाण्याला एका कंत्राटदाराकडं मी पगारपत्रकं करायचो. फुलंब्रीहून येणारी एक कामगार बाई दर पगाराला माझ्या खिडकीशी यायची आणि आरोग्य विम्याच्या कपातीवर नख टेकवून विचारायची, "या महिन्याला जास्त कामून कापलं?"

"ओव्हरटाइम केलात ना? शंभराला पाऊण रुपया तुमचा, सव्वातीन साहेबांचे. पगार वाढला की हप्ता वाढतो."

"पगारासंगं दुखणं बी वाढतं व्हय?"

"कमी पगारवाल्यालाही उपचार तेच मिळतात, म्हणून."

हे तिला पटायचं. तरी चोराकडं बघावं तशी ती माझ्याकडं बघायची. "पण पैसे भरता कशावरून?"

एकदा चिडून मी तिच्यासमोरच विम्याच्या संकेतस्थळावर तिचा क्रमांक टाकला. चार महिन्यांत साहेबांनी एक रुपयाही भरला नव्हता. मी खजील होऊन साहेबांकडं जायला उठलो.

"थांबा," ती म्हणाली. "आधी त्याचा कागद काढून द्या. तुमचाबी भरोसा नाय."

कागद घडी करून ती गेली. मग मी माझा क्रमांक टाकला. नोकरीच्या सहा वर्षांत तो मी कधी तपासलाच नव्हता. माझाही हप्ता भरलेला नव्हता.